खोक्याची पूजा
विज्ञानापुढं माणसानं हात जोडलेच पाहिजेत, असं मला दर खंडेनवमीला झेंडूच्या वासानं वाटतं. काही वर्षांपूर्वी धाराशिवच्या आमच्या प्रयोगशाळेत रक्तातलं, रोगाशी लढणारं प्रथिन मोजायचं पहिलं किट आलं आणि त्या खंडेनवमीला उद्घाटनाचे पाहुणे, एक मोठे साहेब, येईस्तोवर ते हार घालून टेबलावर मांडायचं ठरलं. किट थंड ठेवावं लागतं आणि पाहुण्यांचा भरवसा नव्हता. बाहेर बाकावर अणदूरची एक बाई सारख्या आजारी पडणाऱ्या लेकीला घेऊन बसली होती. प्रथिन कमी निघालं तर तिला पुणं गाठायचं होतं. आमच्या तंत्रज्ञ बाई म्हणाल्या, "सायबाला खोकं पुजू द्या, किट मला द्या." थर्माकोलचं खोकं हलकं लागू नये म्हणून मी त्यात वीट ठेवली. पाहुणे तीन तास उशिरा आले, खोक्यापुढं नारळ फोडून क्रांतीवर बोलू लागले. भाषण संपायच्या आत तंत्रज्ञ बाई निकाल घेऊन बाहेर आल्या. "ताई, प्रथिन चांगलं हाय." "म्हंजी पुण्याला जायचं न्हाय?" "न्हाय. घरी न्या लेकीला." ती डोळे पुसत म्हणाली, "मग त्या खोक्याच्या पाया पडून जाऊ का?" "पडा की." आज सकाळी आम्ही त्या खोक्याला पुन्हा हार घातला. आत अजून वीटच आहे.