चाळीस रिकामे दांडे

विहारामागच्या हापशीचा दांडा हातात घेतला की मी हरवून जायची. पहिले चाळीस दांडे रिकामेच जायचे. पाणी नाही, नुसता आतून कोणी खोल श्वास घेतल्यासारखा आवाज. डोळे मिटले की वाटायचं, पाणी खाली कुठेतरी झोपलं आहे आणि मी त्याला हळूहळू उठवते आहे.

सकाळी जी पहिली येईल तिने हे चाळीस मारायचे, मागच्यांना लगेच पाणी. गल्लीत कोणी कोणाला हे सांगितलं नव्हतं. तक्रार तर कधीच केली नाही. घरोघरी नळ आले, पण वैशाखात ते सुकतात. मग हीच हापशी.

गेल्या उन्हाळ्यात एक साहेब गावच्या मालमत्तेची नोंद करायला आले. दिव्यांचे खांब, नाल्या, ओढ्यावरचा रपटा, सगळ्यांचे मोबाइलवर फोटो काढत ते दुपारी हापशीपाशी पोचले. दहा-बारा दांडे मारून वही उघडली.

"बंद आहे. यादीतून काढून टाकू. पाइप उपसून नेतील."

थोरल्या जावेनं मला कोपरानं ढोसलं. "सांग न वं! तोंडात मूग धरून काहून उभी राह्यली?"

"तुमीच सांगा न, बाई."

"मले लिहाले-वाचाले येत नाही. चवथी शिकली तू!"

परक्या माणसासमोर माझं तोंड उघडत नाही. मी पदर खोचला आणि दांडा धरला.

"मावशी, उगाच थकाल," साहेब म्हणाले.

मी मनात मोजत राहिले. वीस झाले. मागे कोणीतरी हसलं. तीस. कडुलिंबाची सावली, ऊन, माणसं, सगळं लांब गेलं. अडतिसाव्याला दांडा जड झाला. मग धार आली ती थेट साहेबांच्या बुटांवर.

"अहो, आतला वॉशर गेला आहे! इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. जाऊ म्हणाली, "आमाले वाटलं, तिची सवयच तशी हाये."

साहेबांनी 'बंद' खोडलं. मी वहीतली समोरून उलटी दिसणारी अक्षरं एकेक लावून वाचली : चालू. दुरुस्ती करणे.

पंधरा दिवसांत वॉशर बदलला. आता तिसऱ्या दांड्याला पाणी येतं. घागर लवकर भरते, आणि मला लवकर घरी जावं लागतं.