नाव घातलेलं हेल्मेट

महायुद्धातल्या एका गोऱ्या शिपायाच्या लोखंडी हेल्मेटनं देवळालीच्या कमलकाकू बाजरी मोजतात. तिथली गोऱ्यांची छावणी उठली तेव्हा त्यांच्या सासऱ्यांनी ते भंगारातून आणलं. त्याचा मूळ मालक शोधून ते त्याच्या नातवंडांकडे पोचवायचं मी मनावर घेतलं आणि विलायतेला इतकी पत्रं धाडली की आमच्या पोस्टमनला पोक आलं. सगळीकडून एकच उत्तर, आतलं नाव आणि नंबर कळवा.

आता काय कळवू? शिपायानं खिळ्यानं कोरलेल्या नाव-नंबरावरच भांडीवाल्यानं ठसठशीत घालून दिलंय, ‘सौ. कमल भिकाजी जाधव’. खालून सातचा आकडा तेवढा डोकावतो, तोही एकचा असू शकेल. भिंग लावून लावून माझा उजवा डोळा डाव्याच्या दुप्पट झाला.

"काकू, एवढं हेल्मेट मोकळं पडलं असताना नेमकं तिथंच?"

"मग? शेजारीण मागून नेते. नाव नसलं तर परत कशाला देईल ती?"

मी चरफडलो. त्या पोरानं तरी दुसऱ्या कशासाठी कोरलं असेल? परत मिळावं म्हणूनच ना!

"त्याचंही नाव होतं, काकू."

काकूंनी हेल्मेट पदरानं पुसलं, उजेडात धरलं.

"माझ्या नावाखाली जागा आहे अजून," त्या म्हणाल्या. "सापडला की त्याचंही घालून आण."

तेव्हापासून ती बोटभर मोकळी जागा मला जेवू देत नाही.