पदराच्या गाठीतला प्रभू

अन्याय झाला आमच्या शेजारच्या अक्कावर. गेल्या ईस्टरनंतरच्या पहिल्याच रविवारी, सकाळची मिस्सा संपताच, चर्चच्या अंगणात, तुमच्या-माझ्या देखत.

अक्का मूळची पाचोऱ्याकडची. हिंदू, शेतकऱ्याघरची, बोली अजून अहिराणीच. तिचे यजमान, नाना, अंथरुणाला खिळलेले. माझ्या आईच्या पुण्यस्मरणाची मिस्सा होती म्हणून आली होती. त्या दिवशी माईक माझ्याकडे होता. मोर्च्यांची पत्रकं लिहून लिहून मला जड शब्दांचा तिटकारा आलेला. म्हणून ‘ख्रिस्तप्रसादासाठी’ असं न म्हणता मी सरळ म्हणाले, “आता प्रसादासाठी पुढे या.”

प्रसाद म्हटल्यावर कोण बसून राहील? अक्का रांगेत लागली. फादर म्हणाले, “ख्रिस्ताचं शरीर.” सगळे ‘आमेन’ म्हणतात, अक्का म्हणाली, “बरं.” हातावर ठेवलेली ती नाण्याएवढी भाकर तिनं कपाळाला लावली, पदराच्या टोकात गाठ मारली आणि चालू पडली.

दारातच चर्चच्या कमिटीतल्या काकांनी तिचं मनगट धरलं. “काय बांधलंय? उघडा!”

“प्रसाद शे ना भाऊ. घर नाना खाटवर पडेल शे, त्यास्ले देसु.”

“नेऊन काय करणार? करणी?”

“मी काय चोर शे का?”

मागून कुणीतरी म्हणालं, “व्हिडिओ काढ रे!” दोघंतिघं हसले. काकांचा हात पदराकडे गेला. भर अंगणात, सत्तरीच्या बाईच्या पदराला! मी मध्ये घुसले. “काका, पदर सोडा!”

त्यांनी सोडला. पण मी पुढे काय बोलणार होते? ‘जाऊ द्या, भाकरीचा एवढासा तुकडा तर आहे’? ते माझ्या तोंडून निघालं नसतं. मी मोर्च्यात घसा फोडते, फादरांशी भांडते, पण हे मानते: त्या गाठीत माझा प्रभू होता. प्रभूची खूण नाही, आठवण नाही, तो स्वतः. त्याला असं पदरात बांधून जाऊ देणं मला जमत नव्हतं, आणि अक्काला चोर ठरवणंही. फादर येईपर्यंतची ती दोन मिनिटं मी काका आणि अक्काच्या मध्ये उभी राहिले.

“अक्का,” मी म्हणाले, “तुम्ही समजता तसा प्रसाद नाही हा. हा आमचा देवच आहे. इथंच, लगेच मुखात घ्यायचा असतो. आणि तोही आमच्यातल्यांनीच. चूक माझी. मी अर्धाच शब्द बोलले.”

अक्कानं पदराची गाठ वर उचलून धरली. “मंग आधी सांगं नही का तू, पोरी? देवले मी गाठमा बांधं ना!”

तिनं स्वतःच गाठ सोडली. भाकर दोन्ही हातांच्या ओंजळीत धरली, वाकली आणि म्हणाली, “माफ कर, बाबा.” आम्हाला नाही, त्याला म्हणाली. फादरांनी भाकर घेतली, तिथंच उभ्यानं सेवन केली, पदराला चिकटलेला कण बोटावर टिपून मुखात घातला. आमच्या रांगेत च्युइंगम चघळत येणारे मी पाहिलेत. अक्काएवढ्या अदबीनं त्या दिवशी दुसरं कुणी वाकलं नाही.

नंतर कमिटी बसली. ठराव काय? दारावर माणूस उभा करायचा. माफीचा शब्द नाही. आणि बाजारात बोललं जातंय की म्हातारीनं चर्चमधून काहीतरी चोरलं. अक्का आता भाजीलाही दुपारी जाते, बाजारात कुणी नसताना.

फादर म्हणतात, “वेळ जाऊ दे, लोक विसरतील.” लोक विसरतील हो. ती कशी विसरेल?

तुम्ही त्या अंगणात होतात. एकानं हात पुढे केला, काही हसले, बाकीच्यांनी हाताची घडी घातली. प्रभू त्या भाकरीत आहे असं खरंच मानत असाल, तर त्यानं ते मनगट धरलेलं पाहिलंय. येत्या रविवारी मिस्सा संपली की घरी पळू नका. माझ्याबरोबर अक्काच्या गल्लीत चला. काकांनी पुढे चालायचं. माईकवरची चूक मी आधी कबूल करीन. मग तिच्या ओट्यासमोर, शेजारपाजार ऐकेल एवढ्या मोठ्यानं तुम्ही म्हणा: हिनं काही चोरलं नाही, आम्हाला माफ कर.