हिंगाच्या डब्याखालचा आलेख

आमच्या डोंबिवलीच्या घरात स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर नऊ वर्षं आलेखकागद अंथरलेले होते. डाळीचा डबा उचलला की खाली निळ्या चौकटी आणि त्यांवर पेन्सिलीने काढलेले खांब दिसायचे. पाठकोरा कागद दिसला की आईने तो ताब्यात घेतला म्हणून समजायचं. त्यावर वाणसामानाची यादी तरी व्हायची, नाहीतर तो डब्यांखाली तरी जायचा. हे एकोणीस कागद मी टाकून द्यायला काढले होते. तेव्हाच फाडले असते तर बरं झालं असतं. पण मी ते नुसते कोपऱ्यात ठेवले आणि आईने उचलले. त्यानंतर हिंगाचा डबा काढताना मी मान दुसरीकडे वळवायला शिकले.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत लागले होते. काम काय करतेस, असं बिल्डिंगमध्ये कुणी विचारलं की 'कॉम्प्युटर' म्हणून मी मोकळी व्हायचे. खरं उत्तर द्यायला अर्धा तास लागायचा आणि एवढं ऐकूनही शेजारच्या काकूंची गाडी शेवटी माझ्या लग्नावरच यायची.

खरं उत्तर असं की दूरच्या काही ताऱ्यांमधून गॅमा किरण निघतात. ते जमिनीपर्यंत पोचत नाहीत, वरच्या हवेत आदळून फुटतात. त्यातून कणांचा फवारा सुटतो आणि क्षणाच्या अगदी सूक्ष्म भागापुरती एक फिकट निळी चमक खाली येते. तिला चेरेन्कोव्ह प्रकाश म्हणतात. ती डोळ्यांना दिसत नाही. आमच्या गटाने मध्य प्रदेशातल्या एका डोंगरावर, फौजेने मोडीत काढलेल्या सर्चलाइटचे आरसे मांडून ती टिपायची सोय केली होती. थंडीतल्या चंद्र नसलेल्या रात्री निरीक्षण चालायचं. प्रत्येक चमकेची नेमकी वेळ टेपवर जायची, टेप मुंबईला यायची आणि पुढची निवडानिवड माझ्याकडे.

निवडानिवड हाच शब्द बरोबर आहे, कारण आकाशातून येणाऱ्या इतर कणांनीही तशाच चमका पडतात आणि त्यांची संख्या कितीतरी जास्त असते. आईला मी ते दाराच्या बेलवरून समजावलं होतं. महिनाभर बेल किती वाजता वाजली ते लिहून ठेव. पाहुणे, विक्रेते, शेजारच्या काकू, कुणीही कधीही येतं. मग सगळे दिवस एकावर एक रच. येणारेजाणारे सगळीकडे सारखे पसरतील, पण पहाटे सव्वापाचच्या जागी एक खांब उभा राहील. तो दूधवाला. आमचा दूधवाला म्हणजे पल्सार, सेकंदाला तीस गिरक्या घेणारा एक मेलेला तारा. हजारो चमकांच्या वेळांची त्या गिरकीवर घडी घालायची आणि कुठे खांब उभा राहतो का ते बघायचं.

'आणि दूधवाला येतच नसला तर?' आईने विचारलं होतं. मी वैतागून विषय बदलला होता.

गटाचे प्रमुख ठाण्याला नौपाड्यात राहायचे. आम्ही त्यांना नुसतं सर म्हणायचो. शिस्तीचे, कमी बोलणारे, बारीक अक्षराचे. त्यांचा एक नियम होता आणि तो मोडणाऱ्याला ते टेबलावरून उठवायचे. एक जाड पुठ्ठ्याची वही होती. कुठल्याही रात्रीची माहिती नव्या पद्धतीने बघायची असेल तर आधी त्या रात्रीच्या पानावर एक रेघ मारायची, मगच बघायचं. ढगांचा वेळ वगळून बघायचं तर एक रेघ. फिकट चमका वगळून बघायचं तर आणखी एक. 'वीस प्रकारे बघितलंस तर काहीतरी दिसणारच,' ते म्हणायचे. 'दिसलेलं ताऱ्याचं आहे की तुझ्या बघण्याचं, ते रेघाच सांगतील.'

त्या हिवाळ्यात सर डोंगरावर असताना ठाण्यात त्यांची बायको गेली. त्या बऱ्याच दिवसांपासून आजारी होत्या, पण इतक्यात काही होईल असं डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. रात्री तार आली, सकाळच्या बसने सर निघाले आणि ते पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं, एवढंच आम्हाला कळलं. अकरावीतली मुलगी घरी एकटी होती. चौदाव्या दिवशी सर ऑफिसात आले, खुर्चीत बसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, 'त्या रात्रीचं काय निघालं?'

काहीच निघालं नव्हतं, कारण मी अजून हात लावला नव्हता. शुक्रवार होता. कॉम्प्युटरवर पाळी मिळवून मी त्या रात्रीच्या चमकांची यादी छापून घेतली आणि तो गठ्ठा घरी नेला. वही ऑफिसातच राहिली. सोमवारी रेघ मारू, असं मी ठरवलं.

शनिवारी दुपारी वीज गेलेली, पंखा बंद. मी बाहेरच्या खोलीत जमिनीवर बसून पहिला आलेख काढला. वीस खांब, सगळे जवळपास एकाच उंचीचे. ताऱ्याचा मागमूस नाही. मला सरांचा शुक्रवारचा चेहरा दिसत होता. मला त्यांची दया आली, हे आता कबूल करते. दयेपायी माणूस किती हुशारीने खोटेपणा करू शकतो ते मी त्या दोन दिवसांत शिकले.

सुरुवातीला ढग होते असं रात्रीच्या नोंदीत लिहिलेलं होतं, म्हणून पहिली पंधरा मिनिटं वगळली. एक आरसा जरासा कललेला होता, म्हणून त्याच्या चमका वगळल्या. खांबांच्या कडा अर्ध्या घराने सरकवून बघितल्या. मग फिकट चमका वगळल्या, मग फार ठळक असलेल्या. प्रत्येक वेळी कारण होतं आणि प्रत्येक कारण खरं होतं. यातलं एक जरी खोटं असतं तरी मी तिथेच थांबले असते. रविवारी संध्याकाळी विसाव्या कागदावर खांब उभा राहिला. एकटा, बाकीच्यांपेक्षा बराच उंच. तो निव्वळ योगायोगाने उभा राहण्याची शक्यता मी मोजली, दोन हजारांत एक निघाली. मला आनंद झाला. खरंच झाला, आणि त्या घडीला मला त्यात काही चुकीचं वाटलं नाही.

सोमवारी मी तो कागद सरांपुढे ठेवला. त्यांनी पेन्सिलीच्या टोकाने एकेक खांब मोजला. मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, 'रेघा किती?'

'एक,' मी म्हणाले.

वहीत मी एकच मारली होती. ती कधी मारली, हे त्यांनी विचारलं नाही.

पुढे नऊ हिवाळे गेले. दर हिवाळ्यात आरसे त्याच ताऱ्याकडे वळले आणि दर वेळी आलेख सपाट आला. तो तारा असा अधूनमधूनच चमकत असेल, असं सर म्हणायचे. तसं म्हणणारे तेव्हा जगात आणखीही होते, सरांना एकट्याला वेडं ठरवायचं कारण नाही. त्यांनी बाकीच्या रात्री हरप्रकारे तपासल्या, पण प्रत्येक वेळी आधी रेघ मारून. पानंच्या पानं रेघांनी भरली. दोन सहकारी कंटाळून दुसऱ्या गटात गेले. मी राहिले. मी निष्ठावान आहे असं सगळे म्हणायचे आणि मी पुढची टेप लावायला उठायचे. तोवर परदेशात नव्या जातीच्या दुर्बिणी आल्या होत्या, चमकेचा आकार टिपणाऱ्या. त्यांना त्याच दिशेकडून गॅमा किरण सापडले, पण अखंड झिरपणारे. गिरकीच्या तालावरचा खांब त्यांनाही दिसला नव्हता.

त्या वर्षांत मला खांब कुठेही दिसायचा. पावसाळ्यानंतर भिंतीवर ओल चढायची तिच्यात, घोडबंदर रोडला पहिल्या उंच इमारती उठल्या त्यांच्यात. पहाटे सव्वापाचला बेल वाजली की मी दचकून उठायचे. आणि कधी सरांकडे गेले की बैठकीतल्या टेबलाच्या काचेखाली तो विसावा कागद असायचा. वर भिंतीवर त्यांच्या बायकोचा हार घातलेला फोटो. पाहुण्यांना सर सांगायचे, 'ही जायच्या आदल्या रात्रीचा आहे.' मी चहा अर्धा टाकून उठायचे.

निवृत्त झाल्यावर सरांनी सगळ्या वर्षांचा एक शोधनिबंध लिहायला घेतला. त्यावर दुसरं नाव माझं होतं. मसुदा टपालाने डोंबिवलीला आला. तिसऱ्या पानावर वाक्य होतं की खांब दिसलेल्या त्या रात्रीची माहिती एकदाच, आधी ठरवलेल्या पद्धतीने तपासली गेली. मी ते वाचलं, मसुदा मिटला आणि स्वयंपाकघरात जाऊन डबे खाली उतरवायला लागले.

'अगं, काय करतेस? डबे कुठे ठेवू मी आता?' आई म्हणाली.

'वर्तमानपत्र घाल,' मी म्हणाले. ती रद्दीतली वर्तमानपत्रं काढायला गेली.

रविवारी सकाळी मी नौपाड्याला गेले. मुलीने दार उघडलं. ती आता बँकेत होती, वडिलांबरोबरच राहायची. ती चहा करायला आत गेल्यावर मी एकोणीस कागद काचेवर ठेवले आणि सगळं सांगितलं. शनिवार, वीज गेलेली, ढग, आरसा, दया. सांगताना माझा आवाज चढला, जणू चूक त्यांचीच होती. एका कागदावर तेलकट गोल डाग होता, त्यावर त्यांनी बोट ठेवलं.

'हे काय?'

'हिंगाचा डबा, सर.'

त्यांनी कपाटातून वही आणली, त्या रात्रीचं पान काढलं आणि पेन उघडलं. 'एकेक सांग,' म्हणाले. मी कागद उचलून काय वगळलं, काय सरकवलं ते सांगत गेले आणि दर कागदाला ते एक रेघ मारत गेले. एकोणीस वेळा. घाई नाही, चिडचिड नाही. मला वाटत होतं त्यांनी एकदा तरी ओरडावं.

'सगळ्या वहीत मिळून किती रेघा असतील?' त्यांनी विचारलं.

ते मला ठाऊक होतं. 'दोन हजारांच्या आसपास.'

'आणि खांबाची शक्यता दोन हजारांत एक,' ते म्हणाले. 'म्हणजे कुठेतरी एकदा तो उभा राहणारच होता. पहिल्याच नजरेत दिसला म्हणून ही रात्र मी वेगळी मानत होतो.' त्यांनी वही मिटली. मी आणलेल्या मसुद्याचं तिसरं पान काढून त्यांनी त्याची नीट चौघडी केली आणि खिशात ठेवली. मग फोटोकडे पाठ करून, अगदी हळू आवाजात म्हणाले, 'तार रात्री आली नव्हती. संध्याकाळी पाचला आली होती. सहाची बस होती.'

मी काचेखालच्या विसाव्या कागदाकडे बघितलं.

'अमावास्येला दोन दिवस राहिले होते, आकाश स्वच्छ होतं. वाटलं, एवढी एक रात्र करू आणि सकाळी निघू. सहाची बस धरली असती तर रात्रीची गाडी मिळून दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला कल्याणला उतरलो असतो. ती दुपारी बाराला गेली.' त्यांनी पेनाचं टोपण लावलं. 'नऊ वर्षं मी म्हणत होतो, गेलो नाही, पण काहीतरी मिळालं.'

आतून कपांचा आवाज आला. सरांनी माझे कागद गोळा करून वहीत घातले. 'हिला सांगू नकोस,' ते म्हणाले. 'बसचं नको आणि हेही नको.' विसावा कागद काचेखाली तसाच राहिला.

चहा कसाबसा संपवून मी निघाले. मुलगी मला सोडायला जिन्यापर्यंत आली.

'ताई, बाबा आज फार गप्प वाटले. काही झालं का?'

'निबंधाचं काम होतं,' मी म्हणाले.

'त्या रात्रीवरचा ना?' ती कठड्याला टेकली. 'त्या रात्री आई सारखी विचारत होती, बाबा निघाले का. मी सांगितलं, ते तारा बघतायत. मग ती म्हणाली, बरं, दिसू दे त्यांना. त्यानंतर तिने परत नाही विचारलं.' ती थोडी हसली. 'मला बाबांचा खूप राग होता. कितीतरी वर्षं होता. पण निदान दिसला तरी तो. एकदाच का होईना, पण दिसला ना?'

मागे दार उघडंच होतं. आत सर ऐकत असणार हे मला माहीत होतं.

'हो,' मी म्हणाले. 'एकदा.'