नव्वद दिवसांत न कळलेला अपमान

मुखेडहून एसटीनं आलेला माझा बाप लातूरच्या भर चौकात आमच्या क्लासेसच्या फ्लेक्सखाली उभा होता. डोळे बारीक करून एकेक अक्षर लावत होता. मग माझ्याकडं वळला.

"फोटू तर तुझाच हाय. आपलं आडनाव कुटं हाय रं?"

फ्लेक्सवर सात शिक्षक. सहा जणांची आडनावं वीतभर अक्षरांत. माझ्या फोटोखाली नुसतं पहिलं नाव, पुढं 'सर'.

"स्टाइल हाय बा ती," मी म्हणालो. "ब्रँड म्हनतेत."

बानं आजूबाजूला पाहिलं. आवाज खाली आणला. "आसंल. नोकरी टिकव."

त्या 'आसंल'नं मला सोलून काढलं.

वर्षापूर्वी संचालकांनी खांद्यावर हात टाकून सांगितलं होतं, "छोटं नाव पोरांच्या तोंडी बसतं." मी खूश. स्टाफच्या ग्रुपवर हात जोडून आभार मानले. जीवशास्त्रात एमएस्सी, आणि स्वतःच्या अपमानाला थँक्यू म्हणणारा गडी!

बाला बसमध्ये बसवलं आणि थेट केबिनमध्ये गेलो. "माझंच आडनाव का नाही?"

संचालक हसले. "पालक आडनाव वाचून ॲडमिशन घेतात, सर. मनाला लावून घेऊ नका. शिकवता चांगलंच की तुम्ही."

क्लासेसची तक्रार समिती नांदेडच्या मुख्य कार्यालयात. तिथं टेबलवरच्या मॅडमनी नियम दाखवला. घटनेपासून नव्वद दिवसांत तक्रार. "फ्लेक्स लागून वर्ष झालं. आणि स्टाफच्या ग्रुपवर तुम्ही तर आभार मानलेत."

आता खरं सांगतो. मी बिराजदार सरांवर जळतो. उदगीरचे, फिजिक्सचे. त्यांच्या पगारावर नाही, गाडीवर नाही. मागं एकदा त्यांचा फोटो चुकून दुसऱ्या रांगेत छापला गेला. फ्लेक्स बांधणारा शिडीवरून उतरायच्या आत त्यांना अपमान कळला. "मी काय कुनाच्या मागं उभा ऱ्हानारा मानूस हाय का?" संध्याकाळी नवा फ्लेक्स. या माणसाला मुदत लागतच नाही. राग हाताशी, तयार. त्या रागाचा मला हेवा वाटतो. रात्रंदिवस वाटतो.

कारण मला आधी शंका आली ती स्वतःवर. मग नोकरीची भीती. मग घरच्यांची काळजी. मग पुरावा कुठून आणायचा, हा घोर. मान ज्याला जन्मापासून मिळाला, त्याला तो तसूभर कमी झाला तरी टोचतं. ज्याला मिळालाच नाही, त्यानं कशावरून ओळखायचं? आणि नव्वद दिवस म्हणे सगळ्यांना सारखेच!

नियमात आणखी एक ओळ होती. सबळ कारण असेल तर समिती मुदत वाढवू शकते.

मॅडम माणूस म्हणून वाईट नव्हत्या. पुढं झुकून म्हणाल्या, "आजारी होतो असं लिहा. डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडा. सगळे तसंच करतात हो."

एवढं एक खोटं, आणि तक्रार दाखल. मोह झाला. खोटं कशाला बोलू? झालाच. पण मी आजारी नव्हतो. मला फसवलं होतं.

उशिराच्या कारणाच्या रकान्यात लिहिलं: 'हा अपमान आहे हे मला कळू नये, असाच तो केला होता. कळला त्या दिवसापासून माझे दिवस मोजा. आज सहावा आहे.' खाली सही. आडनावासकट.

"असं कुणी लिहीत नाही," मॅडम म्हणाल्या.

"आता लिहितील. शिक्का मारा."

समिती अजून बसलेली नाही. माझे तास मात्र काढून घेतलेत. दर सोमवारी नांदेडला जातो. सोबत आणखी तिघं असतात: ऑफिसातल्या दोघी आणि एक शिपाई. त्यांच्याही अशाच तक्रारी, त्यांच्याही मुदती संपलेल्या. कुणीही आजारपण लिहिलेलं नाही. मुदतवाढ आम्ही मेहरबानी म्हणून मागत नाही. ती नाकारायची असेल तर लेखी नाकारा, कारण लिहून, सही करून. तो कागद घेऊन आम्ही चौघं कोर्टात उभे राहू.