वाऱ्याच्या पिशवीचं ठिगळ

माझा मामा खुशालराव, जातीचा माळी. अकोल्याच्या जुन्या शहरात मेथी-पालक विकण्यातच त्याचं आयुष्य गेलं असतं. पण लढाईच्या दिवसांत गावाबाहेर विमानाची धावपट्टी झाली अन् मामाले तिथं चौकीदारी भेटली. खांबावरची वाऱ्याची पिशवी सांभाळायची, हेच मोठं काम. शर्टाच्या बाहीसारखी ती, दोन्ही तोंडं उघडी. वारा किती अन् कुठला, हे विमानवाल्याले वरून तिच्याकडे पाहूनच समजे.

नागपूरचा वैमानिक साहेब त्याले समजावून गेला होता. "खुशालराव, पिशवी आडवी ताठली म्हणजे जोराचा वारा. तो बाजूनं असला तर मी उतरणार नाही, परत जाईन. विमानाच्या पुस्तकात हद्द दिलेली आहे. त्यापुढच्या वाऱ्यात हे विमान कुणी उतरवून पाहिलेलं नाही." मामाले पटलं. हद्द म्हणजे हद्द, आपल्या शेताच्या धुऱ्यापलीकडं नांगर न्यायचा नाही!

उन्हाळ्यात पिशवी फाटली. नवी मागून मागून मामा थकला, वरचे बाबू ढिम्म! मग गंगूबाईनं, माह्या मामीनं, वाकळ शिवतात तसा आतून जुन्या लुगड्याचा दुहेरी थर लावला अन् दाट टाके घातले. "आता पाहा, फाटते का!" मामा अर्ध्या अकोल्याले कौतुक सांगत फिरला. इथंच घात झाला.

वैशाखातल्या एका दुपारी विमान आलं. पट्टीले आडवा असा वारा सुटला होता की मामाचं धोतर फडफडून राहिलं होतं, दातात माती कचकचत होती. त्यानं वर पाहिलं तं पिशवी अर्धी लोंबलेली. जड झाली होती ना ती! वरून साहेबाले वारा मंदच वाटणार!

पागोटं सोडून हलवत तो पट्टीवर धावला. "नोका उतरू साहेब, नोका उतरू!" पण जळो ते पागोटं, दर खेपेले मामा तेच हलवून साहेबाले रामराम करायचा! साहेबानं वरून हात केला. चाकं टेकली, वाऱ्यानं एक पंख उचलला अन् विमान उलटं झालं.

दिवे लागायच्या वेळेले मामा घरी आला. सकाळी तो कामावर गेल्यावर नागपूरहून नवी पिशवी घरी आली होती, अन् मामी दारात बसून तिलेही आतून थर लावून राहिली होती. "हे बी मजबूत करून देते," ती म्हणाली.

मामानं तिच्या हातातली सुई काढून घेतली. "साहेब गेला, गंगू. आपल्या टाक्यानं गेला."

मामीनं मांडीवरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "आपल्या नाही जी. शिवलं तं मीच."