लढाईचा कायदा आणि काकींच्या पानवेली

शुद्धलेखन चुकलं असेल, आणि अक्षर तर कोंबडी मातीत उकरते तसं आहे. चौथीनंतर शाळा सुटली. कोणी वाचणार नाही, म्हणूनच लिहायचा धीर होतो.

ज्या वर्षी सरहद्दीवरची लढाई थांबली, त्याच वर्षी आमचे हे फौजेतून सुट्टीवर गिरीजला घरी आले. दुपारी जेवून ओटीवर बसले की सासूबाई खोदून खोदून विचारायच्या.

“अरे, शत्रू एखाद्या घरात शिरला आणि आत बायकापोरं असली तर?”

“तर लगेच बार काढायचा नाही. आधी त्यांना सांगायचं, बाहेर पडायला वाट ठेवायची. आपला फायदा थोडा आणि त्यांचं नुकसान फार होणार असेल, तर हल्ला थांबवायचा.”

“आणि तोवर शत्रू पळाला म्हणजे?”

“पळू दे. तो पुन्हा सापडेल. मेलेलं पोर परत येत नाही. लढाईलासुद्धा कायदा असतो, आई.”

मला फार अभिमान वाटला. पण मी बोलतेच कमी.

पुढच्या आठवड्यात बांधावरच्या नारळावर गांधीलमाश्यांनी पोळं केलं. एक माशी सासूबाईंना डसली आणि हे पेटून उठले. लांब बांबूला सुकी झावळी बांधली, काडी लावली. बांधापलीकडे शेजारच्या काकींच्या पानवेली होत्या. काका गेल्यापासून त्यांचं घर त्या विड्याच्या पानांवरच चालायचं. वेलींना वारा लागू नये म्हणून त्यांनी सुक्या झावळ्यांचा कुड उभा केला होता.

“अहो, दुपारी वारा समुद्राकडून येतो. काकींना सांगून येऊ का?”

“तू मागे हो. शत्रू समोर आहे.”

सरहद्दीवरच्या डोंगरातला वारा ओळखणाऱ्या माणसाला स्वतःच्या वाडीतला वारा आठवला नाही. ठिणग्या थेट कुडावर पडल्या. विहिरीचं पाणी ओतून आग विझेपर्यंत अर्ध्या वेली होरपळल्या. माश्या तेवढ्या सुखरूप उठून फणसावर जाऊन बसल्या.

काकी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “काय रे फौजी, माझ्या पानांच्या हातात बंदूक होती का?”

“चुकलं, काकी. भरून देतो.”

“देशील रे. पण नव्या वेली चढेपर्यंत मी खाऊ काय?”

जवळ होते ते पैसे यांनी तिथेच दिले. पुढे दर महिन्याला काकींच्या नावाने मनीऑर्डर यायला लागली. पोस्टमन दिसला की काकी बांधावरून ओरडायच्या, “आली का माझी खंडणी?”

पुढच्या सुट्टीत पोळं पुन्हा त्याच नारळावर. हे आधी काकींकडे गेले, त्यांना सांगितलं, नवा कुड स्वतः पाणी मारून भिजवला आणि वारा पडायची वाट बघत बसले.

“अरे, शत्रू पळेल!” सासूबाई ओरडल्या.

“पळू दे,” यांनी म्हणायच्या आत मीच म्हटलं. हे हसले.

पोळं जाळून झाल्यावर यांनी भरपाईचे उरलेले पैसे काकींच्या हातावर ठेवले. त्यांनी ते दोनदा मोजले, कनवटीला लावले आणि नव्या वेलीचं पान यांच्या हातात दिलं.

“घे. फिटले सगळे. आता तह.”